डी.पी. केवढी हवी? : कागदावरचे एच.पी. आणि विहिरीवरचे एच.पी.



ऊस विकास विभागाच्या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाचट आणि खोडवा यांविषयी वाचता. या वेळी विषय जरा वेगळा आहे, पण तो उसाच्या मुळाशी आहे. उन्हाळ्यात गट बैठकीला गेले की उसाचा प्रश्न निघण्याआधी डी.पी.चा प्रश्न निघतो. "साहेब, डी.पी. जळालीय, ऊस वाळतोय." "साहेब, लाइट आहे पण व्होल्टेज नाही, मोटर नुसतीच घुर्रर्र करते." आणि शेवटी सगळ्यांचे एकच म्हणणे असते, "मोठी डी.पी. मिळवून द्या."

ही मागणी काही ठिकाणी अगदी रास्त असते. काही ठिकाणी मात्र मोठी डी.पी. बसवली तरी शेवटच्या विहिरीवर तीच रड राहते. तेव्हा डी.पी. केवढी हवी हे कशावरून ठरते, याचा हिशेब सभासदांना स्वतःला मांडता यावा म्हणून हा लेख. हिशेब चौथीतल्या गुणाकाराच्या पलीकडचा नाही. त्यातली अडचण गणिताची नाही, खऱ्या आकड्याची आहे. ती पुढे सांगतोच.

एक दिवसाची लाइट म्हणजे जवळजवळ एक एकर ऊस

आधी यात आपले काय अडकले आहे ते पाहू. पाटपाण्याने एक पाळी द्यायची म्हणजे साधारण ८ सेंटिमीटर पाणी. एका एकराला ते सव्वातीन लाख लिटर भरते. ५ एच.पी.ची चांगली मोटर २० मीटर उंचीवर तासाला ३५ ते ३७ हजार लिटर पाणी उचलते. म्हणजे एक एकर भिजायला नऊ तास लागले. शेतीची थ्री-फेज लाइट पाळीनेच येते. तेव्हा एका मोटरीचा एक दिवस म्हणजे जेमतेम एक एकर, असे धरून चालावे.

आता एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर जातो. आडसाली आणि पूर्वहंगामी ऊस तेव्हा कांड्यावर आलेला असतो, त्याला आठ-दहा दिवसांनी पाणी पाहिजेच. अशा वेळी डी.पी. जळून आठ दिवस गेले तर बारा विहिरींवरच्या उसाची एक अख्खी पाळी बुडते. कांडी आखूड राहते, आणि आखूड राहिलेली कांडी पुढच्या पावसाने लांब होत नाही. ते नुकसान गाळपाच्या वेळी वजनकाट्यावर दिसते. ठिबकवाल्यांचे पाणी कमी लागते हे खरे, पण ठिबकलाही दाब लागतो आणि दाबाला व्होल्टेज लागते.

केव्हीए म्हणजे काय?

डी.पी.च्या टाकीवर पाटी असते. तिच्यावर २५, ६३, १०० किंवा २०० असा आकडा आणि पुढे केव्हीए लिहिलेले असते. ही त्या ट्रान्सफॉर्मरची ओझे वाहण्याची ताकद. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला जशी टनाची मर्यादा, तशी ही.

मोटरीची ताकद आपण एच.पी.मध्ये मोजतो. १ एच.पी. म्हणजे ७४६ वॅट. पण ५ एच.पी.ची मोटर नेमके पाच एच.पी.चेच ओझे डी.पी.वर टाकत नाही, जास्त टाकते. त्याची कारणे दोन. पहिले, मोटर स्वतः तापते, त्यात काही वीज जाते. दुसरे कारण उसाच्या भाषेत सांगतो. गाडीत ऊस भरताना पाचट आणि वाढेही आले तर गाडीवर वजन दोन्हीचे पडते, साखर मात्र उसाचीच निघते. मोटरही विजेबरोबर असेच 'पाचट' ओढते. त्यातून पाणी निघत नाही, पण तार आणि डी.पी. यांना ते वाहावे लागते. इंजिनिअर लोक याला पॉवर फॅक्टर कमी असणे म्हणतात.

५ एच.पी.च्या मोटरीचा हिशेब असा. ५ गुणिले ७४६ म्हणजे ३.७३ किलोवॅट. मोटरीची कार्यक्षमता ७८ टक्के धरली तर ती ४.८ किलोवॅट ओढणार. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर डी.पी.वर ओझे ६ केव्हीए. म्हणजे दर एच.पी.ला १.२ केव्हीए.

याच मोटरीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर बसवला, तर पॉवर फॅक्टर ०.९५ च्या आसपास येतो आणि ओझे ६ वरून ५ केव्हीएवर उतरते. दर एच.पी.ला १ केव्हीए. कपॅसिटर म्हणजे गाडीतले पाचट रानातच उतरवून ठेवण्याचा प्रकार झाला. ३ एच.पी.ला १, ५ एच.पी.ला २, साडेसातला ३ आणि १० एच.पी.ला ४ केव्हीएआर हे प्रमाण लक्षात ठेवावे.

सभासदांसाठी तयार कोष्टक

डी.पी. पाटीवरच्या आकड्याइतकी भरून चालवू नये. आपल्याकडचा उन्हाळा, कमी-जास्त फेज आणि एकदम सुरू होणाऱ्या मोटरी पाहता ८० टक्क्यांपर्यंतच भरावी. त्या हिशेबाने एका डी.पी.वर एका वेळी किती एच.पी. चालाव्यात ते पाहा:

१० केव्हीए : कपॅसिटर नसल्यास ६ ते ७ एच.पी., सर्वांना कपॅसिटर असल्यास ८ एच.पी.
१६ केव्हीए : नसल्यास १० एच.पी., असल्यास १२ एच.पी.
२५ केव्हीए : नसल्यास १६ एच.पी., असल्यास २० एच.पी.
६३ केव्हीए : नसल्यास ४२ एच.पी., असल्यास ५० एच.पी.
१०० केव्हीए : नसल्यास ६६ एच.पी., असल्यास ८० एच.पी.
२०० केव्हीए : नसल्यास १३३ एच.पी., असल्यास १६० एच.पी.

हा आपला घरगुती अंदाज आहे. मंजुरी आणि अंतिम आकार महावितरणचे अभियंतेच ठरवतात. पण आपल्या डी.पी.ची गत काय आहे हे समजायला एवढे पुरते. कोष्टकातली एक गोष्ट विशेष पाहण्यासारखी आहे. १०० केव्हीएच्या डी.पी.वर सगळ्यांनी कपॅसिटर बसवले तर १४ एच.पी.ची जागा नवीन डी.पी. न बसवता मोकळी होते. जवळजवळ तीन मोटरींची जागा!

खरी गोम कुठे आहे?

आता उदाहरण घेऊ. गाव मनातलेच समजा. ६३ केव्हीएची एक डी.पी. आहे, तिच्यावर बारा शेतकरी. कागदावर नऊ जणांच्या ५ एच.पी.च्या आणि तिघांच्या ३ एच.पी.च्या मोटरी आहेत. बेरीज ५४ एच.पी. सर्वांना कपॅसिटर असतील असे धरले तर ५४ केव्हीए. थोडे ठासून भरले आहे, पण ६३ च्या आत आहे. ऑफिसात फाइल उघडणारा म्हणणार, "या डी.पी.वर जादा भार नाही."

आता विहिरीवर जाऊ. पाणी खोल गेले म्हणून पाच जणांनी ५ काढून साडेसात एच.पी. टाकली, कळवले कुणालाच नाही. दोन मोटरी आकडा टाकून चालतात. कपॅसिटर एकाच्याही स्टार्टरला नाही, किंवा आहे तो कधीचाच फुटला आहे. मग हिशेब असा होतो: पाच साडेसातच्या म्हणजे साडेसदतीस, चार पाचच्या म्हणजे वीस, तीन तीनच्या म्हणजे नऊ, आणि आकड्यावरच्या दहा. एकूण साडेशहात्तर एच.पी. त्याला १.२ ने गुणले की ९२ केव्हीए.

६३ च्या गाडीत ९२ भरले. दीडपटीला थोडे कमी. पण ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांतली उष्णता ओझ्याच्या पटीत वाढत नाही, वर्गाच्या पटीत वाढते. दीडपट ओझ्याला सव्वादोन पट उष्णता. आपल्या उदाहरणात ती दुपटीच्या वर जाते. आत गुंडाळ्यांवर कागदाचे वेष्टन असते आणि ते तेलात बुडालेले असते. ठरलेल्या तापमानाच्या वर साधारण दर ६ अंशांना त्या कागदाचे आयुष्य निम्मे होते. बाहेर ४२ अंश, आत दुप्पट उष्णता, मग डी.पी. जळाली यात नवल ते काय? नवी आणून बसवली तरी पुन्हा जळणार. कारण नवी डी.पी. पुन्हा कागदावरच्या ५४ एच.पी.साठी येते आणि तिला ओढायचे असतात साडेशहात्तर.

या लेखात सांगायची मुख्य गोष्ट हीच. डी.पी.चा आकार कागदावरच्या एच.पी.वर ठरतो आणि डी.पी. जळते विहिरीवरच्या एच.पी.वर. या दोन आकड्यांत जेवढे अंतर, तेवढ्या वेळा पाळी चुकणार. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण इथे आपण अंथरूण शिवणाऱ्यालाच पायाचे माप खोटे दिले आहे.

मोटर वाढवली म्हणून मी कुणाला दोष देत नाही. पाण्याची पातळी खाली गेली की साडेसात टाकावीच लागते. शिवाय एप्रिल २०२४ पासून साडेसात एच.पी.पर्यंतच्या कृषी पंपांना राज्य शासनाने मोफत विजेची योजना लागू केली आहे. तेव्हा निदान त्या मर्यादेत बिलाच्या भीतीने एच.पी. लपवण्याचे पूर्वीचे कारणही आता राहिलेले नाही. भारवाढीचा अर्ज करून खरा आकडा कागदावर आणला, तरच मोठ्या डी.पी.ची मागणी कागदावर उभी राहते. नाहीतर आपणच आपल्या मागणीच्या विरुद्ध साक्षीदार ठरतो.

मोठी डी.पी. बसवली, तरी शेवटच्या विहिरीला व्होल्टेज का नाही?

दुसरा गैरसमज असा, की व्होल्टेज कमी म्हणजे डी.पी. लहान. काही वेळा तसे असते, पण पुष्कळदा दोष तारेच्या लांबीत असतो.

दोन इंची पाइपातून पाणी लांब न्यायचे म्हटले की शेवटच्या टोकाला दाब मरतो, हे आपल्याला सांगायला नको. विहिरीवरची मोटर मोठी केली तरी पाइप तोच असला तर घर्षण उलट वाढते. तारेचेही तसेच. डी.पी.पासून ६०० मीटरवर ५ एच.पी.च्या पाच मोटरी एकदम चालू आहेत असे समजा. एकूण ४० अँपिअरच्या जवळ प्रवाह. खांबावरची तार विझल जातीची, म्हणजे ३० चौरस मिलीमीटरची, असेल तर तेवढ्या अंतरात ४० व्होल्टच्या आसपास गळून जातात. निघताना ४१५, पोचताना ३७५. त्याच टोकाला दहा मोटरी असल्या तर ३३५. डी.पी. ६३ ची असो की २०० ची, तारेतली ही गळती तेवढीच राहणार.

कमी व्होल्टेजवर मोटर काय करते? व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले तर मोटरीची फिरवण्याची ताकद ६४ टक्क्यांवर येते. पाणी तर उचलायचेच असते, म्हणून ती जास्त अँपिअर ओढते. जास्त अँपिअरमुळे तारेत आणखी व्होल्टेज गळते. असे दुष्टचक्र सुरू होते आणि शेवट रिवाइंडिंगच्या दुकानात होतो.

उजनीच्या फुगवट्याच्या कडेला राहणाऱ्या करमाळा आणि माढा तालुक्यांतल्या सभासदांना हे अनुभवाने माहीत आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी पावसाळ्यानंतर बांधाशी असते, उन्हाळ्यात मागे सरकते. २०२४ च्या उन्हाळ्यात तर धरण जवळजवळ उणे ६० टक्क्यांपर्यंत गेले होते. पाणी मागे गेले की मोटर मागे न्यायची आणि मागोमाग केबल वाढवायची. डी.पी. मात्र जिथे होती तिथेच. ४ चौरस मिलीमीटर तांब्याच्या केबलवर ५ एच.पी.ची मोटर चालवली तर दर ३०० मीटरला १५ व्होल्ट गळतात. ६०० मीटर केबल झाली की ३० व्होल्ट गेलेच, आणि जोड ढिले असतील तर त्याहून जास्त. इथे डी.पी. मोठी मागण्यापेक्षा केबल जाड घेणे आणि जोड पक्के करणे हाच पहिला उपाय आहे.

भीमा-सीनेच्या काठी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांजवळही असाच प्रकार दिसतो. एका डी.पी.भोवती मोटरींची जत्रा भरते. तिथे मात्र तार आखूड असते आणि दोष खरोखरच डी.पी.च्या आकाराचा असतो. म्हणून दोन्ही प्रश्न वेगळे ओळखायला शिकले पाहिजे.

ओळखायची सोपी खूण अशी. सगळ्या मोटरी चालू असताना डी.पी.च्या खांबाजवळच्या विहिरीवर आणि सर्वांत शेवटच्या विहिरीवर, दोन्हीकडे स्टार्टरवरचे व्होल्टेज पाहावे. दोन्हीकडे कमी असेल तर डी.पी.वर भार जास्त आहे किंवा वरून येणाऱ्या ११ के.व्ही. लाइनचेच व्होल्टेज कमी आहे. रात्री मोटरी बंद असतानाही कमीच राहिले तर दोष वरचा समजावा. जवळ बरे आणि शेवटी कमी असेल तर दोष तारेचा आहे.

एक मोठी की दोन लहान?

तार लांब असेल तेव्हा एक मोठी डी.पी. घेण्याऐवजी दोन लहान डी.पी. वेगवेगळ्या टोकांना बसवणे केव्हाही चांगले. कारण असे की ११,००० व्होल्टवर तेवढीच वीज न्यायला ४१५ व्होल्टच्या मानाने सव्वीसावा हिस्सा प्रवाह पुरतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने जाते, म्हणजे त्याच तारेत ती सुमारे सातशेवा हिस्सा राहते. म्हणून उच्च दाबाची तार विहिरीच्या जवळ न्यावी आणि कमी दाबाची तार आखूड ठेवावी, हे साधे तत्त्व.

याच तत्त्वावर राज्यात २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणाली आली. तिला एचव्हीडीएस म्हणतात. तीत १०, १६ आणि २५ केव्हीएच्या लहान डी.पी.वर एक-दोन शेतकऱ्यांना जोडणी देण्याची पद्धत आहे. तिचा तांत्रिक फायदा तर आहेच, पण माझ्या मते मोठा फायदा माणसांचा आहे. जिथे दोघांचीच डी.पी. असते तिथे आकडा टाकायला कुणी धजत नाही. आपली वस्तू म्हणून लोक तिची निगा राखतात. बारा जणांची डी.पी. ही बाराजणांच्या बैलासारखी, राबवणार सगळे आणि वैरण घालणार कुणी नाही.

लहान डी.पी.ला एक पथ्य मात्र आहे. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. साडेसात एच.पी.ची मोटर चालू असताना ११ अँपिअर घेते, पण सुरू होताना ६६ किंवा त्याहून जास्त. १० केव्हीएच्या डी.पी.ची मर्यादा १३ अँपिअर. त्या क्षणी व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने खाली जाते. म्हणून १० केव्हीएवर साडेसात एच.पी. थेट स्टार्टरने लावू नये. स्टार-डेल्टा स्टार्टर वापरता आला तर सुरुवातीचा झटका तिसऱ्या हिश्श्यावर येतो. नाहीतर १६ केव्हीएची मागणी करावी. स्टार-डेल्टाला मोटरीतून सहा वायरी बाहेर असाव्या लागतात, हे पाणबुडी मोटर घेतानाच पाहावे.

गरजेपेक्षा फार मोठी डी.पी. मागणेही शहाणपणाचे नाही. ट्रान्सफॉर्मर रिकामा असला तरी त्याच्या लोखंडी गाभ्यात चोवीस तास थोडी वीज खर्च होतच असते. डी.पी. जेवढी मोठी, तेवढा तो खर्च जास्त. शिवाय अनुभव असा, की मोकळी जागा दिसली की दोन नवीन मोटरी येतात आणि दोन वर्षांत पुन्हा जैसे थे!

ऑटो स्विच : सोय एकाची, झटका सर्वांना

रात्री उठून विहिरीवर जावे लागू नये म्हणून आपण ऑटो स्विच लावतो. साप-विंचवाच्या भीतीने लावला तर त्यात गैर काही नाही. पण लाइट आली की त्याच क्षणी बाराच्या बारा मोटरी एकदम उठतात. आपल्या उदाहरणातल्या ९२ केव्हीएचा तेव्हा सहापट झटका बसतो. फ्यूज उडतो, तो उडाला की कुणीतरी जाड तार टाकतो, आणि मग जळायला फक्त डी.पी. उरते. महावितरणही ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा असे वारंवार सांगते, त्याचे कारण हेच.

ऑटो अगदी हवाच असेल तर वेळ लावता येणारा घ्यावा. पहिल्या विहिरीने एक मिनिट, दुसरीने दोन, तिसरीने तीन अशी वेळ ठरवून लावली तर मोटरी एकामागून एक उठतात. एका डी.पी.वरच्या शेतकऱ्यांनी पारावर बसून अर्धा तास चर्चा केली तर हे जमते. पैसा जवळजवळ लागत नाही.

त्याहून चांगला उपाय पाळीचा. वरच्या उदाहरणात बारा जणांनी दोन गट करून अर्धा-अर्धा वेळ मोटरी चालवल्या तर ९२ चे ४६ केव्हीए होतात आणि ६३ ची डी.पी. आरामात चालते. पाण्याची पाळी लावणे आपल्याला नवीन नाही. पाटाच्या पाण्याला आपण पाळी मानतो, मग तारेतल्या विजेला का मानू नये? ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना अर्धा वेळ बहुधा पुरतोही.

आपल्या डी.पी.चा हिशेब असा करावा

१. डी.पी.वरच्या प्रत्येक मोटरीच्या पाटीवरचे एच.पी. विहिरीवर जाऊन लिहून घ्यावे. बिलावरचे नव्हे, पाटीवरचे. रिवाइंडिंगवाल्याने मोटर वाढवून बांधली असेल तर तेही लिहावे.

२. कपॅसिटर आहे की नाही आणि चालू आहे की नाही, हे लिहावे. फुगलेला किंवा तेल गळणारा कपॅसिटर नसल्यातच जमा.

३. कपॅसिटर असलेल्या एच.पी.ला १ ने आणि नसलेल्या एच.पी.ला १.२ ने गुणून बेरीज करावी. बेरीज पाटीवरच्या केव्हीएच्या ८० टक्क्यांच्या आत असेल तर डी.पी. पुरेशी आहे. ८० ते १०० च्या मध्ये असेल तर कपॅसिटर आणि पाळीवर भागेल. १०० च्या वर असेल तर भारवाढीची मागणी रास्त आहे.

४. सगळ्या मोटरी चालू असताना लाइनमनकडून टोंग टेस्टरने तिन्ही फेजचे अँपिअर मोजून घ्यावेत. २५ केव्हीएला ३३, ६३ ला ८४, १०० ला १३३ आणि २०० ला २६७ अँपिअर ही एका फेजची मर्यादा. एका फेजवर ११० आणि दुसऱ्यावर ६० असे दिसले तर आधी भार सारखा वाटून घ्यावा. पुष्कळदा दिवे आणि सिंगल फेजवर चालवलेल्या मोटरी एकाच फेजवर टाकलेल्या असतात.

५. डी.पी.पासून शेवटच्या विहिरीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजावे आणि शेवटचे व्होल्टेज लिहावे. अंतर मोठे आणि व्होल्टेज कमी असेल तर अर्जात "डी.पी. मोठी करा" असे न लिहिता "दुसरी डी.पी. मधोमध द्या" असे लिहावे.

हा कागद सर्वांच्या सह्यांनी, भारवाढीच्या अर्जांसह महावितरणच्या शाखा कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी मागणी आणि आकड्यांसह लेखी मागणी यांत फार फरक पडतो. डी.पी. जळालीच तर १९१२ क्रमांकावर किंवा कार्यालयात तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. ग्रामीण भागात जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलण्यासाठी वीज नियामक आयोगाच्या मानकांत ४८ तासांची मुदत आहे. नोंद नसेल तर ती मुदत कुठून मोजणार?

हे मात्र कटाक्षाने पाळावे

डी.पी.च्या पेटीला हात लावणे हे आपले काम नाही, लाइनमनचे आहे. फ्यूज टाकायला वर चढून माणसे गेल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात आहेत. उसाची एक पाळी चुकली तर पुढच्या पाळीला भरून काढू, गेलेला माणूस येत नाही.

फ्यूजमध्ये जाड तार किंवा दोन-तीन पदर टाकू नयेत, टाकू देऊ नयेत. फ्यूज वितळतो म्हणूनच डी.पी. वाचते. एक फेज गेली असताना मोटर दोन फेजवर ओढत राहिली तर ती काही मिनिटांत जळते. म्हणून स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर असावाच. डी.पी.खाली तेलाचे ओघळ दिसले, आतून चरचर आवाज आला किंवा अर्थिंगची तार तुटलेली दिसली, तर तेवढ्यावरच कळवावे. तेल कमी झालेली डी.पी. कमी भारावरही जळते. आणि डी.पी.च्या कुंपणात कडबा किंवा पाचट रचू नये. उन्हाळ्यात एक ठिणगी शेजारच्या उसाला पुरते.

विहीर फार लांब असेल तर

ज्यांची विहीर कुठल्याच लाइनच्या जवळ नाही त्यांनी डी.पी.च्या मागे वर्षानुवर्षे न लागता सौर पंपाचा विचार करावा. २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात एच.पी. असे प्रमाण आहे. तिथेही नियम तोच. खोली आणि क्षेत्र खरे सांगावे. सौर पंप उसाला पाटाने पाणी द्यायला कमी पडतो, त्याला ठिबकची जोड द्यावी.

शेवटी एवढेच

पूर्वी वीज मंडळाच्या काळात गावात डी.पी. आली की नारळ फुटायचा. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आले, योजना बदलल्या, ट्रान्सफॉर्मर लहानाचे मोठे आणि मोठ्याचे लहान झाले. पण गणित तेच राहिले आहे. जेवढे ओढणार तेवढे सांगावे, जेवढे मिळाले तेवढ्यात पाळी लावून घ्यावी, आणि तार आखूड ठेवावी.

प्रत्येक गटातील सभासदांनी आपापल्या डी.पी.चा वर सांगितल्याप्रमाणे कागद तयार करावा. तो कसा भरायचा यात अडचण आल्यास आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाला विचारावे, तो विहिरीवर येऊन मदत करील. उन्हाळा सुरू होण्याआधी हे काम उरकले तर पुष्कळ उसाची पाळी वाचेल. गाव करी ते राव न करी, हे डी.पी.च्या बाबतीत तर शंभर टक्के खरे आहे.



आपला,
ऊस विकास अधिकारी